पाव मऊ आहे तोवर

एर्नबोडेन,
शनिवार, २४ नोव्हेंबर

प्रिय तेओ,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. बाबाही बरे आहेत. बाझलमध्ये थंडी पडली असेल. लोकरीचे मोजे पाठवलेत, ते घालत जा. तू गावी येणार नाहीस हे ठाऊक असूनही आज लिहायला बसले आहे.

काल गावच्या भट्टीवर वर्षाचे पाव भाजायची सुरुवात झाली. पाळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिली पाळी, म्हणजे थंड भट्टी, नेमकी आपल्याच घरावर आली! गेल्या वर्षापासून गार पडलेली भट्टी तापवायची म्हणजे दुप्पट लाकूड, आणि पहिला घाणा कच्चा राहायचा तो राहतोच. शेजारची फिलोमेना गप्प बसते होय? म्हणाली, "क्रेसेन्झ, गार पडलेलं तापवायचं तुमच्या घराला कधी जमलंय?" मी म्हटलं, "तू आपलं पीठ मळ, बाई." पण लागलं मला ते.

गुरुवारी शाळेच्या खोलीत गावसभा होती. तोच प्रश्न, आपलं गाव खालच्या गावात सामील करायचं का. मागे हाच प्रश्न आला तेव्हा सगळ्या खोलीत तुझा एकट्याचा हात वर होता, आणि समोर सरपंचाच्या खुर्चीत बाबा. "माझ्याच पोरानं गाव मोडायला काढलं," म्हणाले, आणि तू त्याच दिवशी बॅग भरलीस. त्यांनी बोलावलं नाही, तू आला नाहीस. दोघंही एका मातीचे, मेले!

आता ती खुर्ची रिकामी आहे. कुणालाच नकोय. तरणीताठी माणसं दिवसभर खाली कामाला, उरलो आम्ही म्हातारे. शाळेत पोर नाही, म्हणून तर सभेला खोली मिळते. तर सभेचा चिटणीस अम्ब्रोसने प्रश्न वाचला, आणि कुणी हात उचलेना. सगळे चोरून बाबांकडे बघत होते. त्यांच्या आधी हात वर करायची कुणाची छाती?

बाबांनी हात वर केला, तेओ. सगळ्यांत पहिला. तो वर राहीना, म्हणून मी कोपराला आधार दिला. मग एकेक करत सगळ्या खोलीचे हात वर गेले. फिलोमेना तर रडत होती.

घरी येताना बाबांना चार ठिकाणी थांबावं लागलं. पाणवठ्यापाशी टेकले आणि म्हणाले, "पोरगं तेव्हा बरोबर होतं." मी म्हटलं, "कळवू त्याला?" तर खेकसले, "माझ्या नावानं काही लिहायचं नाही!" म्हणून माझ्या नावानं लिहितेय.

आणखी एक सांगते. तू गेल्यापासून दर भाजणीला ते तुझा पाव करतात. वर खूण म्हणून आपल्या घराच्या तीन रेघा आणि खाली तुझी फुली. वर्षभर तो फळीवर दगड होऊन पडतो. विचारलं की म्हणतात, "शेळ्यांसाठी आहे." शेळ्या विकून किती काळ लोटला!

या वर्षी त्यांना पीठ मळवलं नाही. भट्टीशी खुर्ची टाकून बसले, फक्त तुझी फुली काढायला सुरी मागितली. ती वाकडी आलीय.

वर "बाबाही बरे आहेत" लिहिलंय ना, ते खोडून टाक. छाती पार गेली आहे त्यांची. डॉक्टर केबलकारने वर येऊन गेले, नाताळचं काही सांगता येत नाही म्हणाले. मला फार भीती वाटते रे. एकटीला नाही झेपत हे.

काल संध्याकाळी तुझा पाव नेहमीसारखा फळीवर ठेवायला घेतला, तर अंथरुणातून म्हणाले, "तो नको ठेवूस तिथं. फडक्यात गुंडाळ, नाहीतर वाळेल." मी म्हटलं, "शेळ्यांना वाळलेला चालतो की." तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

गुंडाळून टेबलावर ठेवलाय. राय धान्याचा पाव किती दिवस मऊ राहतो, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तुझी,
दार उघडं ठेवून बसलेली
क्रेसेन्झताई