बुढीले मी भाऊ सांगतला

मंगळवार, दिवेलागण

लाज वाटून राह्यली. दुपारी टीव्हीवर एक येडपट सिनेमा लागला होता. त्यात एक जासूस गुंडांच्या मालकिणीले पकडाले जाते आन तिच्यावरच मरते. तिच्या अंबाड्यातून पिस्तूल निघते, तरी हा लाडात! सासूले, म्हणजे माह्या याडीले, हिंदी समजत नाही, म्हणून मी बाजूले बसून आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगत होती. पण सासूसमोर प्रेमाचं कसं बोलावं? घाईघाईत म्हनलं, "याडी, तो तिचा हरवलेला भाऊ आहे."

बुढी खूश. भाऊ भेटला म्हणून पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात भावानं बहिणीले कवटाळलं आन मुकाच घेतला.

"मले कमी दिसते, पण एवढं दिसलं," बुढी म्हनली. मले हसू आलं. ती नाही हसली. "मंग पांढरकवड्याच्या डॉक्टरचं बी असंच सांगतलं का तू? डोळा जाऊन राह्यला, आन मले म्हनतं थेंबानं बरा होईल?"

नाही ना! डॉक्टर खरंच तसं बोलला. शब्द न् शब्द सांगतला होता. पण तिले कसं पटन? डॉक्टर काय, सिनेमा काय, तिच्यासाठी सगळ्यांचं तोंड मीच.

आत्ता थेंब टाकाले गेली, तर तिनं डोळे गच्च मिटले. "पहिले खरं सांग."

"याडी, खरंच सांगून राह्यली."

"तो भाऊ बी खरंच होता."

काहून लाजली मी? त्याचा जीव जडला तिच्यावर, एवढंच तर म्हनाचं होतं. थेंबाची बाटली तशीच समोर आहे.