चाळीस शिपायांच्या पायाखाली

५ एप्रिल, रविवार
अकोल्याहून आलो. मांडीवर बुटाचं खोकं, त्यात कापसात गुंडाळलेले चाळीस शिपाई. बोटाच्या पेराएवढे एकेक. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "पेढे काय भाऊ?" म्हटलं, फौज आहे. तिनं तोंड खिडकीकडे केलं.
माह्या वकील दोस्ताले, अनिलले, दोन वर्षं लागली या फौजेले. कोर्टातून आला का ब्रश. आमची वाटणी जुनी आहे. शिपाई तो रंगवते, शिपायाच्या पायाखालची जमीन मी करतो. मंग टेबलावर लढाई. बहुतेक वेळा तोच जिंकते.
आज जेवताना सांगतलं त्यानं. शुगरनं डोळ्याचा पडदा खाल्ला. डॉक्टर म्हणे बारीक काम बंद. चाळीस झाले, सरदार तेवढा राहिला. "हे शेवटची फौज, सुऱ्या," म्हणाला अन् भाकर भाजीत बुडवली. मीनंबी बुडवली.
३१ मेले नागपूरचे दोघं त्याच्याकडे खेळाले येऊन राहिले. तोवर फौज उभी झाली पाहिजे. अन् जमीन अशी पाहिजे का…

७ एप्रिल
ठरलं. रंगवलेली रेती-बिती नाही. नांदगाव खंडेश्वरच्या आपल्या वावरातली काळी माती. मोठ्या दादाले फोन केला, वावर तोच पाहते.
"तडकन ना रे ते वाळली का."
म्हटलं गोंद टाकतो मी.
"अती शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणे. फोन ठेवला मी. पंचवीस वर्षं झाली लोकाईच्या कवळ्या बनवून राहिलो, अन् हा मले चिकटवणं शिकवते!

११ एप्रिल, शनि.
माती आली. वंदनाच्या चहाच्या गाळणीनं गाळली, पाहिलं तिनं. "अहो, आता नवी गाळणी घेऊन या. अन् हे कवळ्यापासून दूर ठेवा, कोणाच्या तोंडात वावर गेलं तं तुमचंच नाव खराब होईन." बरोबर आहे तिचं.
शेजारी घर बांधून राहिले. पायाचं खोदकाम सुरू. सारी धूळ माह्या ओल्या प्लास्टरवर. मिस्त्रीशी भांडलो. तो बिडी पेटवून ऐकत राहिला, त्यानं आणखीच डोकं फिरलं.

१९ एप्रिल, रवि.
चाळीसही चकत्या झाल्या. रुपयापेक्षा थोडी मोठी एकेक. माती जाडच थापली, ढेकळं दिसली पाहिजे म्हणून. शिपाई रोवले. काय दिसून राहिले, बापा! नांगरलेल्या वावरात उभे आहेत असेच. वंदनासुद्धा दोनदा पाहून गेली. आज मी खूश.

२२ एप्रिल
तडकले. सारे.
उन्हानं नुसती भट्टी झाली अन् माती आटली. भेगा अशा का नख जाईन. तीन तिरंदाज कलले, एकाचं धनुष्य मोडलं. ज्या माणसाले आता दुसरं धनुष्य रंगवता येत नाही त्याचं.
दादाले सांगणार नाही. लाज वाटते.

२४ एप्रिल
अ. चा फोन. "झाले काय?" म्हटलं, वाळून राहिले. खोटं नाही बोललो, खरंही नाही बोललो. जेवण गेलं नाही. वंदना म्हणे, सांगून टाका, तुमचा दोस्तच आहे, काही जज नाही. म्हटलं, जज परवडला.

२६ एप्रिल, रवि.
सकाळी कुंपणापाशी उभा होतो, हातात तडकलेली चकती. मिस्त्री जवळ आला. त्याच्या पोटात भांडणाचं काहीच नाही. चकती घेतली, फिरवली, हासला.
"शेतकऱ्याचे पोरगे ना तुमी? काळ्यावर कोनी घर ठेवते काय? काळी उन्हात आटते, पान्यात फुगते. आमी पुरी काढून फेकतो, खाली मुरूम भरतो, ठोकतो, मंग पाया." खड्ड्याकडे बोट केलं. भरत होते मुरूम. पंधरा दिवस डोळ्यासमोर चाललं होतं अन् मी फक्त धूळ पाहिली.
चहा पाजला त्याले. पिशवीभर मुरूम दिला त्यानं.

३० एप्रिल
मुरूम कुटून, चाळून, गोंदात बसवला. वरून काळ्या मातीचा फक्त हात फिरवला, भुकटीचा. धरते. एक भेग नाही. धनुष्यही जोडलं, कवळीच्या तारेनं. रंग मात्र त्याच्यासारखा जमला नाही.
तीस निघाले जुन्या चकतीवरून. दहा भालेवाले निघत नाहीत. त्याईच्या मातीत गोंद मीनंच मनापासून टाकला होता ना, आता भोगा. जोर केला तं पाय मोडतीन.

३ मे, रवि.
अकोला. सांगूनच टाकलं, दारातच, चप्पल काढायच्या आत. तडकवले म्हणून. फोनवर टाळाटाळ केली तेही.
अ. नं शिव्या दिल्या नाहीत. तेच वाईट वाटलं. म्हणे, दे हातात. दिले दहा भालेवाले. डोळ्याजवळ नेले, मंग कंटाळून खाली घेतले अन् अंगठा फिरवला भेगावरून. मंग नव्यातला एक घेतला, त्यावरून फिरवला. मंग डोळे मिटले. मले म्हणे, मिसळ सारे.
मिसळले. एकेक उचलून बाजूले ठेवत गेला. "भालेवाला. हा नाही. हा नाही. भालेवाला." दहाही काढले. एक चुकला नाही.
बसला खाली. म्हणे, "नागपूरवाल्याईले उद्या फोन करून नाही म्हणणार होतो मी. मांडले का सारे सारखेच दिसतात रे मले. तिरंदाज कोणता, भालेवाला कोणता. त्यांच्यासमोर कोणाले विचारू?"
मले माहीतच नव्हतं. मी भेगांचं रडून राहिलो होतो अन् हा माणूस खेळणंच सोडून राहिला होता. डोळे भरले माझे. त्याले दिसले नसतीन. बरंच झालं.
वहिनींनी दोघायले पाटोडीची भाजी वाढली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

४ मे
चार तुकड्या, चार जमिनी, बोटाले ओळखू येतीन अशा:
भालेवाले – भेगा (आहेच).
तिरंदाज – उघडा मुरूम, खरबरीत.
तलवारवाले – दाताच्या साच्याचं प्लास्टर, गुळगुळीत फरशी.
बंदूकवाले – कापूस काढल्यावरची खुंटं. झाडायच्या फड्याच्या काड्या कापून. टोचल्या पाहिजे, पण रक्त नको.
कामं सोडून हेच करून राहिलो. दोन डॉक्टरांचे फोन आले कवळ्यांसाठी. येतीन म्हटलं, दातच आहेत, पळून कुठं जातात.

१२ मे
दुपारी वंदनाची परीक्षा घेतली. डोळ्यावर ओढणी. चाळीसपैकी दोन चुकली. मुरूम अन् भेग. म्हणे, "तुमच्या मुरमाले धार कमी आहे." आणखी मोठे खडे घातले. तिले आता मजा येऊन राहिली, भाजी टाकता टाकता येते अन् एखादा चाचपून जाते.

१७ मे, रवि.
अकोला. सराव. अ. नं मले धुतलं. पुरं धुतलं! बोटं भराभर चालतात त्याची. माझे तलवारवाले कुठं आहेत तेही त्यालेच आधी समजे. म्हटलं, आता तरी जमीन माझी आहे हे मान. "जमीन तुह्या दादाची आहे," म्हणे.
येताना दादाले फोन करून सांगतलं सारं. दादा हासला, मंग म्हणे, "आणखी माती पाह्यजे काय?"

२९ मे, शुक्र.
अ. आला अमरावतीले, बसनं, एकटा. वहिनी रागावल्या असतीन. खिशातून रुमाल काढला, त्यात सरदार. रंगवला त्यानं! रोज सकाळच्या उन्हात, पाच-दहा मिनिटं, जेवढं दिसलं तेवढं. एका बाजूची मिशी गालावर गेली. एक डोळा मोठा. मीनं सरदार उजेडाकडे फिरवला.
"बोल ना. वाकडा आहे, मले माहीत आहे."
"वाकडा आहे," म्हटलं. दोघंही हासलो. वंदना चहा घेऊन आली अन् म्हणे, मिशी शोभते.
अ. म्हणे, "आता याच्या पायाखाली काय ठेवतं? चारीपेक्षा निराळं पाह्यजे. हात लागला का समजलं पाह्यजे, हा माझा."
मुरूम झाला, माती झाली. वंदना म्हणे एखादा दात लावा. नाही म्हटलं.
मंग कवळीचं प्लास्टर कालवलं, चकतीवर ओतलं. घट्ट व्हायले पाच-सात मिनिटं. अ. ले हाक मारली, "इकडे ये, अंगठा दे."
"वकिलाचा अंगठा घेतं काय रे?" म्हणे. पण दाबला. बराच वेळ दाबून उभा राहिला, मीनं उचल म्हणेपर्यंत.
परवा नागपूरवाले येतात. सरदार अजून ठसा वाळायची वाट पाहून राहिला. उद्या रोवीन, अंगठ्याच्या कडेले, रेषा मोकळ्या ठेवून.