निळ्या काठाचा कप

३ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. माझं अक्षर वाचायला भिंग लागतं असं लिहिलंत, म्हणून आज शिवणयंत्र बंद ठेवून सावकाश लिहिते आहे. गोळ्या वेळेवर घेते. डॉक्टर म्हणतात, तब्येत चांगली आहे.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. आईंनी माझा निळ्या काठाचा कप अजून वेगळाच ठेवलाय, मोरीच्या कट्ट्यावर. एचआयव्ही कपाने लागत नाही, हे तुम्ही त्यांना दहादा सांगितलंत. परवा त्या शेजारच्या काकूंना म्हणाल्या, की हिनेच माझ्या पोराला दिला. मी आत काजं-बटणं करत होते. सगळं ऐकलं.

तुमच्या प्रयोगशाळेत या विषाणूची घराणी लावतात ना? आम्हा दोघांचं रक्त तिथे ठेवलेलं आहे. ह्यांनी जाण्याआधी अभ्यासासाठी सही दिली होती, माझी सोबत पाठवते. कुणी कुणाला दिला, एवढं बघाल का?

तुमचा जीव आहेच माझ्यावर, तो तसाच राहू द्या.

तुमची वहिनी

९ एप्रिल

चि. वहिनीस,
अ. आ.

कुणी कुणाला दिला हे आमची वंशावळ सांगत नाही, नातं तेवढं सांगते. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सारखा चुकतो. कापलेल्या तुकड्यावरून पुढचा तुकडा बेतत गेलं की माप कसं सुटत जातं, तसं. त्या चुका जुळवून आम्ही घराणी ठरवतो आणि त्यांना अक्षरं देतो. एकाचा दुसऱ्याला लागला असेल तर दोघांचे विषाणू शेजारी शेजारी बसतात.

तुमचे बसले नाहीत. माझ्या धाकट्या भावाचा ‘बी’ घराण्यातला, तुझा ‘सी’. नळ्यांवर नुसते आकडे असतात, अदलाबदल झाली असेल म्हणून सहकाऱ्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं. तेच आलं. तुझा त्याला लागलेला नाही. मला टेबलाशीच रडू कोसळलं.

आईलाही आजच कळवलंय. आता तो कप टाकून दे. आणि माझ्यासाठी काही शिवू नकोस, मागचा झगा एवढा ढगळ आहे की आपण दोघी त्यात मावू.

आठवण ठेव.

ताई

२ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आईंनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग मला विचारलं, की माझ्या मुलाचा नाही तर मग कुणाचा. आता माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. त्यांना लिहिण्याआधी मला विचारायला हवं होतंत. फार रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

ह्यांच्याशिवाय माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं. बाळ पोटातच गेलं, तो दिवस आठवतो? रक्तस्राव थांबत नव्हता आणि त्या छोट्या दवाखान्यात रक्त नव्हतं. तुम्ही अनवाणी धावत जाऊन बाटली आणलीत, पोटाशी धरून. मी जगले ती त्या बाटलीवर.

हे मी आईंना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मुलगा गेलाय त्यांचा. मुलीबद्दल तरी मन कडू व्हायला नको. तुम्हीही सांगू नका. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची वहिनी

१० मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

वहिनीने सांगू नका म्हटलंय, तरी लिहिते.

तिचं बाळ गेलं त्या दिवशी तिला चढवलेलं रक्त मी आणलं होतं. तपासलेल्या बाटलीवर चिठ्ठी असते. तेव्हाही मी प्रयोगशाळेतच होते, दिवसभर चिठ्ठ्या वाचणं हेच माझं काम. त्या दिवशी मी चिठ्ठी पाहिली नाही. होती का नव्हती, तेही आठवत नाही. विषाणू त्यातूनच आला असं शपथेवर सांगता येणार नाही. पण दुसरी वाट मला दिसत नाही, आणि हे मला एप्रिलमध्येच सुचायला हवं होतं.

तिने तुझी बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही.

मी रविवारी येते आहे. मोरीच्या कट्ट्यावर, निळ्या काठाच्या कपाशेजारी, माझ्यासाठीही एक कप काढून ठेव.

तुझी थोरली