माहेरच्या नावाच्या जास्वंदी

मी, कमलबाई भ्र. लिंबाजी गिराम, वय एकाहत्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मुलगा आदिनाथ म्हणतो, घाई काय आहे. घाई त्याला नाही, मला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि ओढ्याकाठची जमीन मुलगा आदिनाथ व सून रेणुका यांना समान हक्काने मिळावी. कागदोपत्री दोघांची नावे लागावीत. एकट्या आदिनाथच्या नावावर राहिली तर तो कोणाच्याही बोलण्यात येऊन विकून मोकळा होईल. स्वभाव बापावर गेला आहे.

२. पाटल्या आणि गळ्यातली एकदाणी रेणुकाला. बँकेतली ठेव आधी माझ्या औषधपाण्याला. उरेल ती नात सृष्टी हिच्या शिक्षणाला. लग्नाला नव्हे.

३. परसातल्या सर्व जास्वंदी, कुंड्या व तेलाच्या डब्यांसह, तसेच कात्री आणि कलमाचा चाकू रेणुकाला. या जास्वंदी मी स्वतः तयार केल्या आहेत. सकाळी एका फुलाचे पराग दुसऱ्याच्या टोकाला लावायचे, देठाला दोरा बांधायचा, बोंड धरले की बी पेरायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची. आमचे मालक म्हणायचे, "रिकामटेकडा उद्योग हाय ह्यो." फूल उमलले की मात्र पाहुण्यांना दाखवायला तेच पुढे.

४. नावांविषयी. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेवाने त्यावर अंगठीने बायकोचे नवे नाव काढायचे, अशी रीत होती. सकाळी मी हौसा होते, संध्याकाळी कमल झाले. कोणी वाईट हेतूने केले नाही. पण पुढे हौसा म्हणून हाक मारणारी आईच तेवढी राहिली, आणि आई गेल्यावर तेही थांबले. म्हणून माझे पहिले लाल दुहेरी फूल उमलले तेव्हा मी त्याला 'हौसा' म्हटले. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग एकेक जण पुढच्या फुलासाठी आपले माहेरचे नाव सांगू लागली. पिवळी ती द्वारका. फिकी गुलाबी ती मथुरा. नियम एकच: जिचे नाव, तिने ते आपल्या तोंडाने सांगायचे.

रेणुका लग्न होऊन आली तेव्हा तांदळाचे ताट मी मांडूच दिले नाही.

५. आदिनाथने परभणीचा एक रोपवाटिकावाला आणला होता. तो म्हणाला, "मावशी, झाडं लय झकास हायत, पन हौसा-द्वारका कोन घेईल? आमी रेड ब्युटी, पिंक क्वीन असं कायतरी लावू." त्याला चहा पाजून वाटेला लावले. कलमे खुशाल विकावीत, वाटावीत. नाव बदलून मात्र एकही कलम या घराबाहेर जाऊ नये. एकदा बदलली तेवढी पुरे झाली.

६. थोरली जाऊ सरजाबाई आणि मी, आमचे पटत नाही हे गावाला ठाऊक आहे. तिच्या शेळीने माझी रोपे दोनदा खाल्ली आणि दोन्ही वेळा तिने शेळीची बाजू घेतली. सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ तिच्याकडे आहे, ते माझ्या वाटणीचे आहे. ते मी रेणुकाला देते. रेणुकाने ते मागायला जाऊ नये.

७. दाराजवळची केशरी जास्वंद, आतून पांढरी, ही माझ्या हातची सगळ्यात चांगली. तिला अजून नाव नाही. तिचे बी सरजाबाईच्या अंगणातल्या झाडावर धरले, म्हणून नावाचा मान सरजाबाईचा. तीन वर्षे मी तिच्या मागे लागले आहे. ती म्हणते, "त्या पोरीला तवा कुनी इचारलं न्हाई, आता कशाला इचारायलीस?" तिचे माहेर पाथरीकडचे. तिथे तिचे आता कोणी उरले नाही, आणि लहानपणी तिला काय म्हणून हाक मारत हे सांगू शकणारा दुसरा माणूस नाही. मला तिचा राग येतो आणि तिच्यासाठी वाईटही वाटते. आम्हा दोघींतली कोणीही आधी गेली तरी हे झाड तसेच राहील. तसेच राहू द्यावे. कोणीही, रेणुकानेसुद्धा, त्याला आपल्या मनाने नाव ठेवू नये. बाकीच्यांसारखी पत्र्याची पट्टी बांधावी, पण कोरी.

८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. हे ऐकून सरजाबाई म्हणाली, "मंग मीच बसते साक्षीला. तुझं मला काय नगं." त्याप्रमाणे ती बसली आहे.

सह्यांपूर्वी हा मजकूर शेजारचे सूर्यभान यांनी मोठ्याने वाचून दाखवला. सातवे कलम ऐकून सरजाबाई दाराजवळच्या केशरी जास्वंदीकडे बघत राहिली. सूर्यभान साक्षीदारांची नावे लिहून घेऊ लागले तेव्हा मात्र तिने त्यांचा हात धरला. म्हणाली, "समदं लिव. बापाच्या घरचं बी लिव."

ठिकाण: वालूर
दिनांक: २ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार: कमलबाई भ्र. लिंबाजी गिराम (सही)

साक्षीदार:
१. सूर्यभान नागनाथ डुकरे, राहणार वालूर (सही)
२. सरजाबाई भ्र. किसनराव गिराम, राहणार वालूर (डाव्या हाताचा अंगठा). माहेरचे नाव केवळा.