पुनर्प्राप्ती कुणी शोधत नाही

३ जून
गेलेले फोटो शोधून देणारं आमचं सॉफ्टवेअर. फुकट, कुणीही घ्या! आणि ते स्वतःच कुणाला सापडत नाही. आज नेटवर शोधून पाहिलं. अकराव्या पानावर आहोत. तिथवर कोण जातं? मी स्वतः कधी गेलेले नाही.

दादा म्हणाला, महिनाअखेरपर्यंत माणसं आली नाहीत तर टाळं. त्याला नोकरी चालून आलीय. इतकी वर्षं मागच्या खोलीत दोघं खपलो, आणि हा टाळ्याचं बोलतो! रडूच आलं. त्याला दिसू दिलं नाही.

६ जून
दादाचा उपाय – साइटभर ‘विदा पुनर्प्राप्ती’, म्हणजे डेटा परत मिळवणं. जिथे जागा दिसेल तिथे. मोठ्याने वाचलं तर जीभ चावली जाते.

९ जून
एक नवीन माणूस आला! नंतर कळलं, मीच होते.

१० जून
जेवताना दोघं भांडत होतो. वहिनी दातांची डॉक्टर. शांतपणे म्हणाली, “माझ्याकडे आजवर कुणी दंतक्षय घेऊन आलेलं नाही. दाढ किडली म्हणतात. तुमच्याकडे कोण पुनर्प्राप्ती मागणार?”

मग फोटो गेले की लोक काय म्हणतात? उडाले म्हणतात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. दादाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्याच्या मते उडतात ती पाखरं.

११ जून
नवीन शीर्षक – ‘फोटो उडाले? परत आणा.’ दादाने टाइप केलं, पण नाक मुरडून. बाकीची पानं मी बदलली. ‘चुकून डिलीट झालं’, ‘फोन पाण्यात पडला’. लोक बोलतात तसं.

१९ जून
तिसरं पान! माणसं येतायत. एकाचा पोपट उडालाय. त्याची सोय आमच्याकडे नाही, असं नम्रपणे कळवलं. दादा दिवसभर मला पोपटवाली म्हणतोय.

२४ जून
पहिलं पान! अगदी तळाशी, पण पहिलं. उड्या मारत सांगायला गेले, तर दादा नोकरीला हो म्हणून बसलाय. सोमवारी रुजू. म्हणे, माणसं आली, पण उशिरा आली; नोकरीवाले महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार नव्हते. त्याच्याशी बोलणं बंद.

२८ जून
बाबा खोलीत आले. कधी येत नाहीत. त्यांच्या लेखी आम्ही दोघं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दादासमोर फोन धरला. “ही साइट खरी आहे का रे, की फसवाफसवी? उडालेलं परत आणतो म्हणतात.”

आमचीच साइट! मी हसत सुटले. काय उडालं, विचारलं.

“हिचा आवाज. फोनमध्ये होता. सकाळी चुकून बोट लागलं.”

आईला जाऊन दोन वर्षं झाली. तो आवाज त्यांनी ठेवलाय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि आमचं सॉफ्टवेअर फक्त फोटो आणतं. आवाजाचं अजून लिहिलेलंच नाही.

दादाने फोन घेतला, बंद करून ठेवला, म्हणजे उडालेल्या आवाजाच्या जागी नवीन काही बसणार नाही. सोमवारी तो जात नाहीये.