आंधळ्या डोळ्यांचं काम

४ मार्च
मुलगी नापसंत. धाकट्या भावासाठी बघायला गेलो होतो. त्याच्यासारखीच आंधळी, टेलिफोनवर नोकरी करते. डोळे लहानपणी आजारात काढावे लागले, आता काचेचे आहेत — इतके सुरेख की मीच बघत बसले. पण धाकटा वेताच्या खुर्च्या कशा विणतो ते रंगात येऊन सांगतोय, आणि ही भर दुपारी पेंगतेय! मान कलली, चक्क घोरली. मी उठलेच. "हिच्याच्याने संसार व्हायचा नाही," असं तोंडावर बोलून आले.

५ मार्च
धाकटा बोलत नाही. नाही तर नाही.

८ मार्च
आज बोलला. "ताई, मला तिचा आवाज आवडला." म्हटलं, घोरण्याचा का? हसला नाही मेला.

११ मार्च
त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याचे डोळे जन्मापासून खोल गेलेले, सारखे भिरभिरतात. लोक टक लावून बघतात, डोकं फिरतं माझं. म्हटलं, हे काढा, काचेचे बसवा, मी दुसरी स्थळं बघते. बाईंनी आधी झोपेचंच विचारलं.

"उजाडलं की टुणकन उठतो. वर मला उठवतो."

"मग हे डोळे कामाचे आहेत."

"अहो, त्याला दिव्याचा उजेडसुद्धा दिसत नाही."

"त्याला दिसत नाही. पण डोळ्यांवर उजेड पडला की आतून मेंदूला निरोप जातो — दिवस झाला. त्यावर शरीराचं घड्याळ रोज जुळतं. डोळे काढले की निरोप बंद. घड्याळ रोज जरा मागे पडतं. पडता पडता भर दुपारी मध्यरात्र होते."

घरी येताना दोघांनाही ती काचेच्या डोळ्यांची मुलगीच आठवत होती.

१२ मार्च
एकटीच तिच्याकडे गेले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"ताई, तुम्ही थांबलात कुठे?"

खरं होतं. म्हणाली, काही दिवस बरे जातात, मग दिवसाची रात्र होते. आधीचं एक स्थळही असंच गेलं. "माझ्याबरोबर राहणाऱ्याचेच हाल."

माफी मागणं मला जमत नाही. उठले, तिच्याच स्वयंपाकघरात चहा केला आणि तिला दिला.

१५ मार्च
धाकटा मला न विचारता तिला हो सांगून आला. मला म्हणाला, "डोळे राहू देत असेच. दोघांत एकाला तरी सकाळ झालेली कळायला हवी."