तिसरा कोपरा

प्रिय रोटिया,

त्या सकाळी मी अंगणातली विलायती फणसाची पानं झाडत होते. तुझा भाऊ माडावर नीरा काढता काढता नेहमीसारखा बेसूर गात होता. मी खालून म्हटलं, "बौरो, अशाने नीरा नासेल." तो वरून म्हणाला, "पिऊन बघ, मग बोल, आई." मग पेलाभर नीरा मला दिली, भाजलेला फणस फडक्यात बांधला आणि होडी घेऊन कुपा मासा धरायला गेला. जेवायला येतो म्हणाला. आज त्याला अकरा दिवस झाले.

हे तुला तिकडे राजधानीत, तारावात कळलंच आहे. विमान दोन दिवस फिरलं आणि शोध थांबला. परवा दवाखान्यातल्या परिचारिकेबरोबर तुझी चिठ्ठी आली, की आई, आता गावाला बोलावून प्रार्थना करून घे, मी शनिवारी येते. बायका चटया घेऊन आल्यासुद्धा. मी त्यांना बसवलं, चहा दिला, पण प्रार्थना सुरू करू दिली नाही.

तुझे वडील समुद्रावर हरवले तेव्हा करू दिली होती. तेव्हाही कचेरीच्या दारावर कागद लागला होता, शोधाच्या जागेचे चार कोपरे त्यावर आकड्यांत लिहिलेले. आकडे वाचता येत होते, पण ते काय सांगतात ते कळत नव्हतं. मी नुसती बघून घरी आले. त्यानंतर तुझी नववीची भूमिती घेऊन मी का बसायचे, ते मी कधी सांगितलं नाही. तू हसायचीस. "आई, या वयात रेषांचे चढ काढून तू कुठे चढणार आहेस?"

या वेळी कागदावरचे आकडे उतरवून घेतले. अंतर धक्क्यापासून मैलांत, आधी पश्चिमेला किती, मग उत्तरेला किती. दहा-दहा, पन्नास-वीस, साठ-चोवीस, वीस-बत्तीस. पहिल्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की प्रवाह तिरका आहे म्हणून समांतरभुज चौकोन आखलाय, विमान त्यातच फिरेल. तुझ्या जुन्या वहीत मी तो काढून पाहिला. खालची बाजू चाळीस मैलांत दहा चढते. तिच्या समोरची चाळीस मैलांत आठ उतरते. चढ सारखे नाहीत, तर समांतर कशा? दुसरी जोडी पाहिली, तीही जुळेना. तो साधा समलंबसुद्धा नाही, रोटिया. मी तीनदा पुसून काढला. मग तिसरा कोपरा साठ-बेचाळीस धरला आणि दोन्ही जोड्यांचे चढ जुळले. कोणीतरी बेचाळीसचे चोवीस लिहिलेत. तेवढ्याने जवळजवळ तीनशे चौरस मैलांचा त्रिकोण कोणी पाहिलाच नाही.

काल वही कचेरीत नेली. कारकून म्हणाला, "मावशी, विमान काय तुमच्या वहीवर उडतं?" मी म्हटलं, "नाही बाळा, तुझ्या कागदावर उडलं." त्याचं हसू गेलं. त्याने कागद वहीशेजारी धरून आकडे ताडून पाहिले. मग म्हणाला, "शोध बंद करायचा हुकूम तारावातून आलाय. तिथे तुमचं कोण ऐकणार? कुणा शिकलेल्या माणसाची सही आणा."

म्हणून हे पत्र. बेटावरचा फोन अजून बंद आहे, परिचारिका दुपारच्या विमानाने ते आणेल. सोबत वहीचं पान आहे. तू गणिताची बाई आहेस, आकडे तपास. बरोबर असतील तर खाली सही कर, शोधकचेरीत जा आणि विमान उडेपर्यंत तिथून हलू नकोस. एवढ्या दिवसांत तो आणखी पुढे वाहत गेला असेल. अख्खी आकृती पश्चिमेला सरकवायला सांग, सरकवल्याने चढ बदलत नाही. माझं चुकलं असेल, तर शनिवारी ये आणि प्रार्थना करून घे. माझ्यासाठी थांबू नका. शेजारच्या इओतेबाकडे मी काल संध्याकाळी गेले होते. "म्हातारे, तुला वेड लागलंय," म्हणाला, आणि इंजिन उघडून बसला. आज सकाळी मी शहाळी आणि पाण्याचे डबे त्याच्या मोठ्या होडीत भरले, वही प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या दिशेने निघायला होडीत जाऊन बसले. हे तिथूनच लिहितेय.

तुझीच,
आई